वाटी क्रमांक तीन

दुसरीत होती तेव्हा प्रांजल साळोखे
सगळं हातांनी सांगायची.
"मॅडम, दूध असं झालं,"
म्हणत दोन्ही मुठी मिटायची,
आणि मला कळलंच असं धरून
निघून जायची डब्याकडं.
कुठलं दूध, कधीचं, कशात ठेवलेलं?
विचारलं की बघतच राहायची.
तिनं पाहिलेलं
मी पाहिलेलं नाही,
हे कसं काय असू शकतं?

तिचा बाप गंगावेशीत कट्ट्यावर म्हैस उभी करून
गिऱ्हाइकासमोर धार काढतो.
पेला धर, फेस बघ, पी.
त्या घरात सांगायची वेळच येत नाही कुणावर.

पाचवीत प्रयोगवही आली.
साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान,
पट्टीनं मारलेल्या रेघा.
चार वाट्या दूध, चार जागा, विरजण, एक रात्र.
तिसरी वाटी माठाशेजारची:
लागली नाही, असं लिहिलं होतं.
मी दहापैकी दहा दिले.
पुढं सहा महिन्यांनी तिचा भाऊ बोलून गेला,
तिसरीतलंच दही खाल्लं की आम्ही, घट्ट हुतं.
"मग असं का लिहिलंस गं?"
"तुमास्नी तेच पायजे हुतं न्हवं?"

त्या दिवशी शाळा सुटल्यावर
मी बराच वेळ लाल पेनाचं टोपण
लावत-काढत बसले.

आता नववीत.
गगनबावड्याच्या एका शाळेला पत्र लिहायचं होतं,
न पाहिलेल्या मुलांना, तोच प्रयोग.
तिनं चार कागद फाडले.
"थोडं विरजण" खोडलं.
आईचं थोडं वेगळं, काकीचं वेगळं,
तिकडच्यांचं किती असंल काय म्हाईत?
"अर्धा चमचा" लिहिलं, तेही खोडलं.
शेवटी घरचा चमचाच
पाकिटात घातला, दोऱ्यानं बांधून.
आणि खाली, सगळ्यात बारीक अक्षरात:
वाटी तीन लागली. लागायला नको होती.
रात्री कुणी हलवली असेल तर माहीत नाही,
मी झोपले होते.

मी पेन उचललं नाही.

सतरा दिवसांनी उत्तर आलं,
हुमायून अत्तार, नववी ब, यांच्या सहीनं.
तुमच्याच चमच्यानं केलं.
आमची तिसरी लागली नाही. पहिलीपण नाही.
तुमचा माठ कुठल्या भिंतीला आहे?
इकडं धुकं आहे, ते धरायचं का?

प्रांजल व्हरांड्यातून पळत आली,
खासबागेत कुस्ती मारल्यागत कागद नाचवत:
"मॅडम, जुळंना! आमचं जुळंना!"
पाचवीत हेच झालं असतं
तर रडली असती.

चमचा काही परत आला नाही.
त्यांनी तो पुढं पाठवलाय,
आजऱ्याला, दोऱ्यासकट.
साळोखेवहिनी विचारत होत्या परवा,
सहाचा सेट होता, कधी मिळंल?
काय सांगू त्यांना,
भिंतीपाशी हात दाखवत
त्यांची पोरगी अजून माठ मोजतीय.