डबी क्रमांक सतरा

नदीला ओढ नव्हती, म्हणून होडी लवकर पोचली.
शीतपेटीत बर्फ, वर माझी वही,
आणि पांढऱ्या झाकणांच्या चाळीस डब्या.
धक्क्यावरची पोरं आधीच फिदीफिदी:
"आल्या, शी गोळा करणाऱ्या बाई आल्या!"

माझं नाव ओब्दुलिया. पण एस्मेराल्दासच्या या काठावर
ते कुणी विचारत नाही.
आजारी माणसं मला नकोच असतात.
हवी असतात ठणठणीत:
कोळंबीचे सापळे विणणारी,
रात्रभर मारिम्बाच्या ठेक्यावर नाचून
सकाळी पुन्हा वल्हं उचलणारी.
जुलाब? नाही. ताप? नाही.
मग ही घ्या डबी.

लुत्गार्दा म्हणाली, "चांगल्या पोटात काय शोधता?"
"भाडेकरू."
"भाडं देतात का?"
देतात. खाल्लेलं पचवतात,
नको त्याला दारातच अडवतात.
फक्त हल्ली त्यांच्यातल्या काहींनी
कुलपं बदलली आहेत.

सतरा नंबर म्हाताऱ्या तेओफिलो कैसेदोचा.
वय कधी अठ्ठ्याऐंशी सांगतो, कधी शहाण्णव.
डांबरी रस्ता आला तेव्हा बघायलाही गेला नाही.
गोळी म्हणून आयुष्यात गिळली नाही एकही;
तापाला कडू साल, जखमेला राख,
उरलेल्या सगळ्याला उसाची दारू.
मी वहीत लिहिलं: औषध, कधीच नाही.
खाली दोनदा रेघ मारली.
हा आपला कोरा कागद.

बशीत जंतू वाढतात ते साय धरल्यासारखे.
त्यावर औषधाच्या चकत्या ठेवायच्या, टिकलीएवढ्या.
औषध लागू पडत असेल तर चकतीभोवती
मोकळं अंगण पडतं.
सतराव्या बशीत अंगण नव्हतं.
साय थेट चकतीला टेकलेली,
उन्हं खात बसल्यासारखी.
दुसरी चकती. तिसरी.
चौथीभोवती थोडंसं, नखाएवढं.
मी डबीवरची चिकटपट्टी पुन्हा वाचली.

कुठून आलं?
बोट ठेवू पाहते रस्त्यावर,
रस्त्याकडेच्या दुकानात सुट्ट्या मिळणाऱ्या
लाल-पिवळ्या कॅप्सूलवर,
पांढऱ्या कोंबड्यांच्या पाण्यात
मालक ढवळतो त्या पुडीवर.
बोट ठरत नाही.
हे नुसतं आईकडून लेकीला जात नाही,
शेजारीण विस्तव मागून नेते तसं जातं:
देणारीचं काही कमी होत नाही
आणि दिवेलागणीला गावभर चुली पेटलेल्या.
तेओफिलोची सात मुलं, एका पोटची नाहीत.
पोटातलं मात्र सगळ्यांच्या एकच निघालं.

पुढच्या खेपेला सांगायला गेले.
"मग मी आजारी?"
"नाही."
"होणार?"
"कदाचित कधीच नाही."
"मग आलीस काय सांगायला?"

मला नीट जमलं नाही.
म्हटलं, उद्या हेच लघवीच्या वाटेनं चढलं, रक्तात उतरलं,
तर दवाखान्यात मी जे कपाट उघडेन
त्यातलं फारसं काही चालायचं नाही.
तुम्हाला नाही तर सुनेला,
बाळंतपणात. कुणाला ते कळत नाही आधी.

तो बराच वेळ नदीकडे बघत राहिला.
"म्हणजे पोटात ठेवायचं," म्हणाला,
"आयुष्यभर दुसरं काय केलं?"

लुत्गार्दानं मासा आणि हिरवी केळी उकडली होती.
मी हात धुतले, साबण लावून, कोपरापर्यंत.
मला बरं वाटावं म्हणून त्यानंही धुतले,
त्याच नदीत.
मग एक केळं मोडून
अर्धं माझ्या हातात दिलं.
गरम होतं. मीठ कमी होतं.
मी खाल्लं.