रोकडे यांचा जबडा

आडनाव रोकडे आणि नोकरी नोटांच्या प्रेसमध्ये.
चौतीस वर्षं हा विनोद ऐकला.
फुटलेली शाई, सुटलेली रेघ,
केसभर खाली बसलेला आकडा:
नोट बाजूला काढायची, वहीत नोंद करायची,
एवढंच माझं काम.

आता जेल रोडच्या घरात, मागच्या बाल्कनीत
पाटावर एक जबडा आहे.
शार्दूलने आणला, माझ्या भाच्याने, बोटीवर असतो तो,
कॅसाब्लांकाच्या बाजारातून, अरबी वर्तमानपत्रात गुंडाळून.
मोसासॉर. समुद्रातली घोरपड म्हणा,
पण आमच्या कॉलनीच्या पाण्याच्या टँकरएवढी.
पिवळ्या वाळूत घट्ट रुतलेले नऊ दात.
ही म्हणाली, तुमच्यापेक्षा जास्तच आहेत.

कर्नावट डॉक्टरीणबाईंनी टाकून दिलेल्या सुया,
पंक्चरवाल्याचा जुना कॉम्प्रेसर
(दोन ते चार बंद, गायधनी वहिनी झोपतात),
त्याला जोडलेलं थरथरतं पेन,
चिवड्याच्या बरणीत ब्रश,
आणि डोळ्याला तेच भिंग.
एका संध्याकाळी नखाएवढं हाड मोकळं होतं.
कधी तेवढंही नाही.
कोटी कोटी वर्षं टिकलेलं
माझ्या एका शिंकेत गेलं, मागच्या मंगळवारी.
ते मी हिला सांगितलं नाही.

इथे असलं काही निघत नाही.
लेण्यांचा दगड, घाटाच्या पायऱ्या, आमचा पाटा,
सगळा आगीतून आलेला; त्याला हाड ठाऊक नाही.
हा तिकडे मासे गिळत होता
साधारण त्याच सुमारास
इकडे जमीन उकलून वाहत होती.
दोघांना एकमेकांची खबर नव्हती.
आता माझ्या पाटावर
त्याची वाळू त्या दगडावर सांडते
आणि मी ती फुंकरीने उडवतो.

निरोप समारंभातलं घड्याळ कधीच बंद पडलं.
जांभळा दिवा मात्र मी माझ्या पैशाने घेतला होता;
दूधवाल्याच्या नोटासुद्धा त्याखाली धरायचो,
सवयच तशी.
परवा वीज गेली. बॅटरीवरचा तोच दिवा
सहज जबड्यावर धरला
आणि वाळू चमकली.
निळी-पांढरी, दातांच्या मुळाशी, गोल गोल,
जिथे जिथे डिंक होता तिथे तिथे.

सात दात उपरे.
पाच खरेच, पण कुणाकुणाचे, कुठून कुठून उचललेले.
दोन तर निव्वळ प्लास्टर, वर चहाचा रंग.
रात्रभर ॲसिटोनचा वास. ही खोली बदलून झोपली.
एकेक दात हातात येत गेला,
जसा माझा स्वतःचा आला होता, न दुखता.

उरला वीतभर तुकडा. दोन दात.
आणि त्यातल्या मागच्या दाताच्या मुळाशी, हाडाच्या पोकळीत,
तांदळाएवढं टोक:
पुढचा दात. याच्या जागी यायचा होता.
येता येता राहिला.

तडा भरायला प्लास्टर कालवलं,
मुद्दाम एक छटा फिकं.
बघणाऱ्याला कळलं पाहिजे
तो कुठे संपतो आणि रोकडे कुठे सुरू होतो.

खोटे दोन टाकायला निघालो होतो.
एकाच्या बुडाशी, ओल्या प्लास्टरमध्ये,
अंगठ्याचा ठसा आहे.
बारीक रेघा, एकही सुटलेली नाही.
कुणीतरी असाच पाटावर वाकलेला,
असाच दिवा, अशीच सुई,
बाहेर त्याच्या कुणाची तरी दुपारची झोप.
भिंगाखाली बराच वेळ धरला.
नोट असती तर मी काय केलं असतं, ते मला माहीत आहे.

काडेपेटीत कापूस घातला, त्यावर तो दात.
वहीत तारीख लिहिली.
शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावं
ते अजून सुचलेलं नाही.