एक दरवाजा

धुडकू भोई वल्ह्याचा दांडा दातांत धरतो,
पातं पाण्यात सोडतो
आणि डोळे मिटतो.
माझा माईक तारेनं खाली पोचेपर्यंत
त्याला ऐकू आलेलं असतं.
"बोली ऱ्हायना."

मी वहीत टिपते:
सारंगखेडा, आषाढ वद्य, पाणी गढूळ.
नर शिंगाळा. खर्ज,
जात्यात दादर अडकावी तसा.

मुडावदला, पांझरा तापीला मिळते तिथे,
हाच मासा घाईत होता:
तीन ठोके, थांबा, पुन्हा तीन.
आणि चैत्रात कुठेच काही नाही.
चैत्रात मी चाळीस तास
वाळू उपसणाऱ्या पंपाची घरघर जमवली.

"काका, बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात."
"त्ये मानसेस्नं. याले एक दरवाजा पुरस."
हनुवटीनंच तो बॅरेज दाखवतो.

त्याची बायको तळोद्याकडची.
घाटावर अजून तिच्या हेलाची नक्कल करतात,
तीही करते, सगळ्यांपेक्षा छान.

मध्यरात्री आवाज इतके दाटले
की मशीनवरची रेघ नुसती काळी झाली.
मी हेडफोन काढून त्याच्या कानांवर ठेवले.
सत्तरीचा माणूस, क्षणभर ऐकलं
आणि कानशिलं तांबडी करून
घाईनं परत दिले:
"नको बाई. इतलं जोडे नको."

मग बराच वेळ तो जाळ्याच्या गाठी चाचपत बसला,
जाळं काही सोडलं नाही.
मी वेळ लिहिली, दोन वाजून दहा.
वल्हं कोरडं होत होतं.