खोकल्यानंतर

दांडिया बाजारात, शिवणक्लासच्या वरच्या खोलीत
बारा खुर्च्या गोलात. टेबल नाही.
हातांचं काय करायचं, हाच पहिला प्रश्न.

गुप्तेबाई म्हणाल्या, जोड्या करा.
तीन मिनिटं एकाने बोलायचं, दुसऱ्याने फक्त ऐकायचं.
सल्ला नको. 'हो ना'सुद्धा नको.
मग ऐकलेलं सांगून दाखवायचं.

माझ्या वाट्याला हसुमतीबेन.
त्या गुजरातीत, मी मराठीत,
बडोद्यात एवढं चालतं.
एकतीस वर्षं विजेचे मीटर वाचले मी:
आकडा बघायचा, लिहायचा, पुढचं घर.
तसंच ऐकलं.
जाऊबाई, गहाण पडलेल्या दोन बांगड्या,
नवरात्रीपासून तुटलेलं बोलणं,
मधल्या भिंतीतून येणारा तिचा खोकला.

सगळं सांगितलं, ओळीने.
एक चूक नाही.

हसुमतीबेन बघत राहिल्या माझ्याकडे.
"बधुं बराबर," म्हणाल्या,
"पण खोकल्यानंतर मी थांबले होते.
ते राहिलं."

रात्री लेकीचा फोन, रविवारचा.
बरी आहेस ना, विचारलं.
'हो बाबा' म्हणाली,
आणि मग काहीच नाही.

एरवी इथेच मी म्हणतो,
चल, ठेवतो, बिल वाढतं.
(हल्ली वाढत नाही, तेही तिनेच सांगितलंय.)

खाली कुणाची तरी स्कूटर सुरू होईना.
तिकडे तिच्या खोलीत पंखा,
त्यात एक बारीक टिकटिक.
मोजली नाही.

"बाबा, आहात ना?"

आहे, म्हटलं.