सहा नंबरचा जोड

दुकानदार म्हणाला, संध्याकाळी या,
दिवसभरात पाय फुगतो, खरं माप तेव्हाच कळतं.
सत्तावन्न वर्षांत माझ्या पायाबद्दल
इतक्या आस्थेनं कुणी बोललं नव्हतं.

बायकांच्या मापात फक्त जांभळा होता.
मी पुरुषांचा काळा घेतला, सहा नंबर,
आणि डेक्कनपासून कोथरूडपर्यंत रिक्षात
खोकं मांडीवर धरून बसले,
आत कुणी झोपलंय अशी.

घरी स्वयंपाकाच्या काट्यावर एकेक बूट ठेवला.
उजवा तीनशे नव्वद ग्रॅम. डावा चार ग्रॅमनं जास्त.
"कोबीचा गड्डा याहून जड असतो,"
जयंत म्हणाला, आणि काटा पुसून घेतला. दोनदा.
पोस्टातली सवय, मी वजन लिहून ठेवलं
कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्यांखाली.

खोक्यावर छापलं होतं, जलरोधक.
मी पस्तीस वर्षं 'नाजूक, जपून हाताळा' असे शिक्के मारलेत,
त्या पार्सलांचं पुढे काय होतं ते मला माहीत आहे.
म्हणून न्हाणीघरात टब भरला,
बूट घालून आत उभी राहिले, दहा मिनिटं,
पाणी घोट्याच्या दोन बोटं खाली.
जयंत दारात, घड्याळ बघत.
मोजे कोरडे निघाले.
त्या दिवशी आम्ही दोघं उगाचच खूश होतो.

मग वेताळ टेकडी, रोज.
खाणीपर्यंत जायचं, मोर ओरडले की परतायचं.
चावले नाहीत. नवा जोडा चावतोच
हे माझं लग्नापासूनचं मत, ते सोडावं लागलं.
फक्त उतारावर अंगठा पुढे आपटायचा.
नख काळं झालं, गळालं.
काळसेकर वहिनी म्हणाल्या, या वयात कशाला?
मी म्हटलं, नख का?

गुंजवण्याच्या ओढ्यात कळलं
की जलरोधक हा शब्द दोन्ही बाजूंनी खरा असतो.
पाणी वरून शिरलं, घोट्याच्या काठावरून,
आणि मग बाहेर जाईना.
दिवसभर एकेका पायात तांब्याभर पाणी घेऊन चालले,
चुळुक, चुळुक.
आमचे अण्णा असे होते.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर उजव्याचा तळ सुटला,
चवड्यापाशी, जांभई दिल्यासारखा.
कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला,
मॅडम, त्यात आता नवीन मॉडेल आलंय.

शनिपाराजवळ लिंबाजी बसतात.
त्यांनी बूट उलटा केला, वाकवला, नाकाशी नेला.
"नुसता चिकटवलाय. टाका नाही एक.
हलका पाहिजे म्हटलं की पहिला दोरा काढतात."
शिवून देतो, म्हणाले, मग दहा वर्षं हलणार नाही,
पण सुई जिथून जाईल तिथून पाणी येणार.
"टिकाऊ का कोरडा? बोला."

मागे बस हॉर्न वाजवत अडकली होती.
मी त्यांच्या आरीकडे बघत राहिले.
घड्याळाच्या पट्ट्याला जास्तीचं भोक
यांनीच पाडून दिलं होतं, गेल्या वर्षी,
माझ्या मनगटाच्या मापाचं.

म्हटलं, शिवा.

काळा दोरा संपला होता, लाल घातला.
डाव्याला काही झालं नव्हतं,
तोही शिवून घेतला.
घरी काट्यावर चारशे एक, चारशे पाच.
काटा पुसून ठेवला.

आत्ता राजगडावर, पद्मावतीच्या देवळाबाहेर,
वीस-बावीस जोड पडलेत,
बहुतेक कॉलेजच्या पोरांचे,
चिखलानं सगळे एका रंगाचे.
पोरं घोरतायत. माझे मोजे ओलेच आहेत,
तसेच चढवले.
टॉर्च कुणाच्या तरी डोळ्यांवर जाईल
म्हणून अंधारात वाकून
तळाच्या कडांवरून बोट फिरवते आहे.

टाके लागले.
हा उजवा.
आणि हा, थोडासा जड.