उलटं अक्षर

मी भांड्यांवर नावं घालतो.
इतवारीत, ओळीच्या तोंडाशी, जिन्याखाली.
लग्नसराईत दिवसाला दोनशे नावं,
एरवी माश्या.

सदरमधल्या लहान चर्चच्या पाद्र्यांनी बोलावलं
तेव्हा वाटलं, पेले असतील.
तर म्हणाले, वर चढा.
सत्त्याहत्तर पायऱ्या, मे महिना, विटा-चुन्याचा मनोरा.
भिंतीला अजून बेलफळाचा वास येतो,
पुढं चढणारा ओबद्या पाखरे म्हणाला.
मला घामाचाच आला.

वर घंटा.
बोटाचं पेर वाकवून ठोकलं,
गिऱ्हाईक ठोकतं तसं.
बद्द.
"चिरली आहे," मी म्हटलं.
"मालूम आहे ना भाऊ. सव्वीस साल होऊन गेले."

हिवाळे पाद्री धापा टाकत आले, बरोबर वही.
इंग्लंडात कुठलंसं गाव, मेंढ्या, चिखल,
चौकोनी दगडी मनोरा, पाच घंटा. ही तिसरी.
पाचेकशे वर्षं तिनं तिथं मेलेली माणसं सांगितली:
बाईला सहा ठोके, बाप्याला नऊ,
मग वयाचे, एकेक.
शेतातली माणसं विळा थांबवून मोजायची
आणि आकड्यावरून ओळखायची, कोण.

मग मनोरा कलला.
छपरावरचं शिसं विकूनही भागेना, तेव्हा हिला विकलं.
जहाज, मुंबई, पुढं बैलगाडी.
वर्ध्याच्या अलीकडं काळ्या मातीत गाडी रुतली ती आठ दिवस;
गुराखी पोरांनी दगडं मारून वाजवून पाहिली.
हे वहीत नाही, हे ओबद्याचं.
इथं ती प्लेगात वाजली.
मानमोडीच्या साथीत वाजवणं बंद केलं,
नाहीतर थांबताच आलं नसतं.

कडेनं उठावाची अक्षरं.
मला इंग्रजी नावापुरतं येतं, आणि हे इंग्रजीही नव्हतं.
"योहानानं मला घडवलं," पाद्री म्हणाले,
"घंटाच बोलते आहे, बघा."
मी बोट फिरवलं. चटका बसला. तरी फिरवलं.
योहानाच्या शेवटी जे नागोबासारखं अक्षर आहे
ते दुसरीकडं तोंड करून बसलेलं.

साच्यात उलटं कोरावं तेव्हा कांशात सुलट उमटतं.
यानं ते एक सरळ कोरलं,
कागदावर दिसलं तसं.
वाचता येत नव्हतं त्याला.
स्वतःचंच नाव.

माझ्या आजालाही येत नव्हतं.
त्यानं एकदा चिठ्ठी उलटी धरून
मोहाडीच्या एका नवरीचा गुंड कोरला,
अख्खं नाव डोक्यावर उभं.
बाप भांडायला आला. पोरगी म्हणाली, राहू द्या,
पाणी ओतायला वाकवला की वाचता येते.

पाद्र्यांना देणगीदारांची सतरा नावं हवी होती,
आणि जमलं तर ते अक्षर नीट.
सतरा नावांचा भाव सांगितला.
अक्षराला हात लावणार नाही म्हटलं.
ते जरा रागावून खाली गेले.

ओबद्या तिथंच.
"आमच्या बाबाचे गुडघे गेले होते," तो म्हणाला,
"पुरी घंटा हालवणं होत नोतं.
तं दोर जिभीलेच बांधला.
तशानं फुटते, कोणी सांगतलं नाही.
कोणाले सांगू नका."

मग बऱ्याच वेळानं:
"आतून घालता येईल का एक नाव?
कोणाले दिसणार नाही असं."
"कसं लिहायचं?"
"गमलिएल. तुम्ही लिहाल ते बरोबर."

मी घंटेखाली शिरलो.
पालथ्या भांड्यात बसल्यासारखं; अंधार, ऊन धातूचं.
छिन्नी लावली, हातोडी उचलली.
बद्द. बद्द. बद्द.
खाली रस्त्यावर कुणी थांबून मोजलं असेल तर माहीत नाही.
मीही मोजले नाहीत.
नऊच्या वर गेले होते.