उजेड जातो का

बोहोरपट्टीत हातिमभाई काचेवर तीन चाकू मांडतो.
थोरला मिटलेला पाच बोटं,
मधला चार,
धाकटा माझ्या करंगळीहून किंचित उणा,
तरी पोटात तीन पाती घेऊन बसलेला.

थोरला घ्या, म्हणतो, वजन बघा.
वजन आहेच. पण उघडलेलं पातं
अंगठ्यानं रेटलं तर
दुधाच्या दातासारखं डुलतं.

मधल्याची खट्‌ चांगली.
मिटताना मात्र पात्याला पातं घासतं.
भाऊबंदकी.

धाकटा मी दारातल्या उन्हात धरते,
पाठीची पट्टी नि पितळ यांच्यामधून
उजेड जातो का बघते.
"ताई, चाकू घेताय की एक्स-रे काढताय?"

मी पिशवीतून अप्पांचा काढते.
शिंगाची मूठ, एक खिळा तांब्याचा, नंतर ठोकलेला.
मोहाडीच्या बागांत कलमं बांधून बांधून
मोठं पातं मेथीच्या काडीएवढं उरलंय.
उन्हात धरते.
काळोख.

हातिमभाई चष्मा लावतो.
उघडतो, मिटतो, परत उघडतो.
"असा नाही माझ्याकडे."
मग हळूच, "विकणार?"

धाकटाच घेतला. फट केसाएवढी, चालेल.
बसमध्ये दोन्ही एकाच खिशात.
जानोरी फाट्यापर्यंत वाजत होते.